कोयनेतनं पाणी सोडलं, मग मोटार कधी काढायची?

राम राम मंडळी. दोन दिवस झाले पलूस-मिरज भागातून फोनवर फोन चालूयत आणि प्रश्न फिरून तोच, "साहेब, कोयनेतनं पाणी सोडलंय म्हणे, मळीतली (नदीकाठच्या रानातली) पाणी उपसायची मोटार काढू का राहू दे?" एका दादांनी तर धरणाच्या पायथा विद्युतगृहातून २१०० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढं घनफूट पाणी) सोडल्याचा मेसेज बघून रात्रीच मोटार काढायला घेतली. अहो, एवढं पाणी कृष्णेला कळत पण नाही. हिशेब साधाय, साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास चाललं की १ टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट होतं आणि कोयना अख्खी १०५ टीएमसीची. म्हणजे वक्र दरवाजे उचलून ५० हजार सोडलं तर दिवसाला सव्वाचार टीएमसी खाली येतंय, ते मात्र जाणवतं.

पण नुसता धरणाचा आकडा बघून चालत नाही. धरणाच्या खाली पडणारा पाऊस, ओढे, वारणेचं पाणी, हे कुठल्याच दरवाज्यानं अडत नाही, ते थेट नदीत. आणि वारणेची फूग (तुंबून मागं चढणारं पाणी) हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर चढली की कृष्णेचं पाणी पुढं सरकतच नाही, मग कोयनेचा विसर्ग कमी केला तरी तुमच्या बांधावरचं पाणी चढतंच राहतं.

दुसरा प्रश्न, "आधीच धरण रिकामं का करत नाहीत?" करतात की थोडंफार. कुठल्या तारखेला किती पाणी ठेवायचं याची जलाशय परिचालन सूची असते, आता पाणलोटात आपोआप आकडे पाठवणारी पर्जन्यमापकं पण आहेत, त्यावरून धरणात किती येवा, म्हणजे पाणी, येणार याचा अंदाज काढून दरवाजे ठरतात. अडचण अशी की पाऊस पडल्यावरचा अंदाज चांगला येतो, न पडलेल्या पावसाचा तेवढा नाही, आणि धरण रिकामं केलं नि पाऊस गेला तर उन्हाळ्यात तुम्हीच आवर्तनासाठी (शेतीला पाणी सोडण्याच्या पाळीसाठी) मोर्चा काढणार! राधानगरीचं तर वेगळंच, तिथं स्वयंचलित दरवाजे, तलाव भरला की आपले आपण उघडतात, त्यामुळं पंचगंगाकाठच्यांनी कुणाच्या आदेशाची वाट बघू नये.

माझं म्हणणं एवढंच, स्वतःचा आकडा काढा. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. पण तुमची मळी ४० च्या आधीच बुडत असेल किंवा ४८ लाही कोरडी असेल. यंदा पाणी मोटारीच्या खड्ड्याला लागेल, मग उसाच्या सरीत शिरेल, त्या त्या वेळी आयर्विनवर किती फूट होतं ते वहीत टाका. कोल्हापूरकडच्यांनी राजाराम बंधारा धरा, तिथं इशारा ३९ फूट आणि धोका ४३. पुढल्या साली फूट बघूनच मोटार काढायची, क्युसेक बघून नाही. आणि मोटार काढताना स्टार्टर पेटी तिथंच ठेवायची नाही, आधी लाईट बंद करायची, दरवर्षी सांगतोय. पाण्यात उतरून तर अजिबात नाही, मगरी काय फक्त डोहातच नसतात.

ऊस बुडाला तर पाणी ओसरल्यावर आधी चर काढून शेतातलं पाणी बाहेर घालवा. पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) गाळ बसला असेल तर शेंडा कुजतो आणि कांडीवर पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, असा ऊस ठेवू नका, कारखान्याच्या शेती विभागाकडं लवकर तोडीसाठी नाव द्या. वाफसा येईपर्यंत युरिया टाकायचा नाही. सोयाबीनचं पंचनाम्याआधी फोटो काढून ठेवा, बाकी त्याच्यावर पुढच्या खेपेला बोलू.