आजी एवढ्या मोठ्याने का गाते?

प्रिय अनू,

नाताळात नगरच्या चर्चमध्ये तू माझ्या कानात विचारलंस, "बाबा, आजी एवढ्या मोठ्याने का गाते? आणि सूर चुकतो हे तिला माहितीये का?" मी नुसतं 'शू' केलं. तू रुसलीस ते बरोबरच होतं. प्रश्न चांगला होता, मलाच उत्तर पटकन सुचलं नाही. आता सुचलंय म्हणून लिहितो. मराठी अडलं तर आईकडून वाचून घे.

तुला इकडच्या ओहायोच्या चर्चची सवय. ऑर्गन वाजतो, सगळे पुस्तकात बघून हळू आवाजात गातात, आणि जे खरं छान गातात ते वर क्वायरमध्ये उभे असतात. नगरला पेटी, तबला, झांजा. पुढचा एक जण ओळ म्हणतो, मागून अख्खी मंडळी तीच ओळ उचलते. हे भजनाचं गाणं आहे, बाळा. आपल्या गावाकडे विठ्ठलाच्या देवळातही असंच गातात. आजीच्या आईला वाचता येत नव्हतं, पण तिला शंभरेक गीतं पाठ होती ती अशी, ओळीमागून ओळ ऐकून. मागच्या माणसांनी आवाज चोरला तर हे गाणं पुढे सरकतच नाही. त्यामुळे तिथे तोंडातल्या तोंडात गाणारा माणूस जरा कामचुकार वाटतो.

हे असं मुळात नव्हतं. अमेरिकन मिशनरी नगरला आले 1831 मध्ये. सुरुवातीला त्यांची बरीचशी गीतं इंग्रजीवरून केलेली, चालीही तिकडच्याच. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ फार महत्त्वाचं. 'मन' हा शब्द लांब सुरावर ताणला की 'मान' ऐकू येतो. चाल एकीकडे, शब्द दुसरीकडे, आणि गाणारा मधल्या मध्ये अडकलेला. (त्यातली काही गीतं आपण अजून आवडीने गातो, आजीसुद्धा. नाताळची तर नक्कीच.)

मग आले नारायण वामन टिळक. मूळचे कोकणातले ब्राह्मण, कवी. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे ते नगरला राहिले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी येशूसाठी अभंग लिहिले, भजनं लिहिली. मोठ्या अभंगाचं माप तुला बोटांवर मोजता येईल: सहा अक्षरं, सहा, सहा आणि शेवटी चार. पेटी नसली तरी टाळीवर चालतं, शेतात चालतं, भाकरी थापतानाही चालतं. चर्चमधलं गाणं घरात आलं ते या मापामुळे, असं माझं मत आहे. आजीच्या उशाशी जे 'उपासना संगीत' आहे ना, पाठीला पट्टी लावलेलं, त्यात टिळकांची गीतं पुष्कळ आहेत. तिला ते पुस्तक उघडावं लागत नाही. चष्मा विसरल्याचं ती कधी सांगत नाही ते त्यामुळेच.

आता गंमत ऐक. मोठ्याने गाणं ही फक्त आपल्याकडची खोड आहे असं समजू नकोस. इथल्या चर्चमधलं ते लाल गीतपुस्तक पहिल्या पानांपासून उघडून बघ. जॉन वेस्ली नावाच्या इंग्रज पाळकाने 1761 मध्ये गाण्याचे सात नियम लिहिले, ते तिथे छापलेत. एक नियम म्हणतो, सगळ्यांनी गा. दुसरा म्हणतो, दमदार गा, अर्धमेल्यासारखे किंवा झोपेत असल्यासारखे गाऊ नका. पूर्वी सैतानाची गाणी गाताना लाजत नव्हतात, मग आताच आवाजाची लाज कशाला? गाडीत तुझी आवडती गाणी लागल्यावर तू कशी ओरडतेस ते मला आठवलं. तुझी गाणी सैतानाची आहेत असं मी म्हणत नाहीये हं.

पण लगेच पुढचा नियम असा की इतरांचे आवाज बुडतील असं किंचाळू नका. तो आजीला वाचून दाखवायचं धाडस माझ्यात नाही.

मोठा आवाज म्हणजे मन लावून गाणं, असंही नाही. बायबलात आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा आहे. त्याच्या तोंडून देव लोकांना सांगतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यासमोरून न्या. कारण ते लोक देवळात गात होते आणि बाहेर गरिबांना लुबाडत होते.

आजोबा गेले तेव्हा तू फार लहान होतीस. कब्रस्तानात माती टाकायची वेळ आली, पाळकांनी गीत सुरू केलं आणि पेटीवाल्या काकांसकट सगळ्यांचे गळे दाटले. मी तर पहिल्या ओळीलाच थांबलो. आजी एकटी गात राहिली. सूर नेहमीसारखाच चुकलेला. दुसऱ्या कडव्याला मागून एक बाई आली, मग दोघीतिघी, मग सगळी मंडळी. तिच्या आवाजाला धरून आम्ही शेवटच्या कडव्यापर्यंत पोचलो. त्या दिवसानंतर तिच्या सुराबद्दल मी कधी काही बोललो नाही.

इकडे आल्यावर मात्र मीच हळू गायला लागलो. उच्चार चुकेल, शेजारचा वळून बघेल, अशी भीती. दहा वर्षं झाली त्याला. तू विचारेपर्यंत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि तुझा दुसरा प्रश्न. काल फोनवर मी आजीलाच विचारलं, नातीचं नाव सांगून. ती म्हणाली, "माहितीये की! पण चुकतो पेटीवाला. पट्टी फार वर धरतो मेला. तिला म्हणावं, पुढच्या नाताळात माझ्या शेजारी बस, मग कळेल."

तुझा,
बाबा