शेवटचं एक काम अडतं, तिथून शिकायला सुरुवात

प्रश्न : तिसऱ्या वर्षाला 'बिग डेटा' विषय आहे, पण लॅबमध्ये क्लस्टर (एकत्र काम करणारी अनेक मशिनं) नाही. हडूप या मोठा डेटा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कमांड वहीत उतरवल्या की प्रॅक्टिकल संपतं. मी शिकू कसं?

वहीतल्या कमांड सोडा. स्पार्क हे त्याच कामाचं नवं सॉफ्टवेअर, ते तुमच्या लॅपटॉपवरही चालतं. दोन कोटी ओळींची खोटी बिलं तयार करा : बिल क्रमांक, गावाचा कोड, रक्कम. निम्म्या ओळींत कोडच्या जागी 0 भरा. खऱ्या नोंदींत असे शून्य सर्रास असतात, कारण फॉर्म भरणारा घाईत असतो. मग गावांच्या यादीशी लेफ्ट जॉइन लावा, म्हणजे कोड जुळवून प्रत्येक बिलापुढे गावाची माहिती आणा; जुळलं नाही तरी बिल राहतंच. ब्रॉडकास्ट जॉइन (लहान यादी सगळीकडे पाठवणं) आणि अडॅप्टिव्ह क्वेरी (काम चालू असताना आखणी बदलणं) या स्पार्कच्या दोन्ही सोयी आधी बंद करा, नाहीतर दुखणं झाकलं जाईल.

आता ब्राउझरमध्ये localhost:4040 हे स्पार्कचं प्रगती दाखवणारं पान उघडून बघत बसा. स्पार्क जॉइनची 200 छोटी कामं पाडतो. त्यातली 199 भराभर उरकतात आणि शेवटचं एक रेंगाळतं. एका कोडच्या सगळ्या ओळी एकाच कामाच्या वाट्याला जातात, म्हणून शून्याचा सगळा ढीग त्या एकट्यावर पडलेला असतो. अशा वेळी मशिनं वाढवून काही होत नाही. शून्याच्या ओळी जॉइनआधी बाजूला काढा आणि नंतर जोडा. वेळ आधीचा आणि नंतरचा, दोन्ही लिहून ठेवा. मुलाखतीत मी विद्यार्थ्याला हेच विचारतो : काय अडलं होतं, आणि ते कुठे दिसलं?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला आहे. हे क्षेत्र कॉम्प्युटरवाल्यांचंच, असं सगळे सांगतात. खरं का?

नाही. शंभर कोटी ओळी वाचायच्या की नीट निवडलेल्या एक लाख पुरतील, हे तिलाच आधी कळेल. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि डेटा स्ट्रक्चर्स मात्र तिने पक्कं करावं. 2024पासून गेट या एम.टेक. वगैरेंसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे आणि बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातही तो देता येतो.

प्रश्न : एवढा डेटा कंपन्यांकडेच आहे. मग विद्यापीठात पीएच.डी. करून काय साधणार?

हडूप ज्या पद्धतीवर उभा राहिला त्या मॅपरिड्यूसचा शोधनिबंध 2004मध्ये गूगलमधून आला, हे खरं. पण स्पार्क 2009मध्ये सुरू झाला तो अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात. तो सुरू करणारे माटेई झहारिया तेव्हा तिथे पीएच.डी. करत होते. मशीन लर्निंगमध्ये तोच डेटा पुन्हा पुन्हा लागतो आणि हडूप दर फेरीला तो डिस्कवर लिहून परत वाचायचा. तो मेमरीत ठेवायचा, आणि एखादा तुकडा हरवलाच तर तो कसा बनला होता याच्या नोंदीवरून पुन्हा बनवायचा, ही त्यातली कल्पना. शेजारच्या विषयातल्या माणसाची अडचण समजून घेतली की असे प्रश्न सापडतात.

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडद आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. सेकंदापेक्षाही कमी टिकणारे अवकाशातले रेडिओस्फोट अँटेनांकडून येणाऱ्या डेटाच्या प्रवाहातून, तो वाहत असतानाच टिपायचे असतात. सगळा कच्चा डेटा साठवत बसणं परवडत नाही. 2024मध्ये पुण्यात त्यासाठी परम रुद्र हा महासंगणक बसवला गेला. विषय शोधत असाल तर आधी जीएमआरटीच्या खगोलशास्त्रज्ञांशी बोला. त्यांचं नेमकं काय अडतंय ते विचारा.