ओकच्या राखीव वनात मार्गदर्शकाबरोबर जाण्यात वेगळे काय मिळते?

आपण विचारले आहे की, मार्चमध्ये आई-बाबा कॅलिफोर्नियात येणार आहेत, दोघांचीही साठी उलटली आहे, आणि बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) मोकळ्या पायवाटा हव्या तेवढ्या असताना ओकच्या राखीव वनातील मार्गदर्शित भ्रमंतीसाठी मुद्दाम नाव नोंदवावे का. निदान पहिल्या खेपेला तरी अवश्य नोंदवावे, असे मी अनेक वर्षे इथे राहून आणि आधी एकट्याने पुष्कळ भटकून सांगतो.

एक तर काही वनांत एरवी प्रवेशच मिळत नाही. सोनोमा खोऱ्यात ग्लेन एलनजवळ बूव्हरी प्रिझर्व्ह आहे. डेव्हिड बूव्हरी यांनी आपली जमीन ऑड्युबॉन कॅन्यन रँच या संस्थेला देऊन टाकली आणि आज पाचशेहून अधिक एकरांचे ते वन संस्थेच्या कार्यक्रमांतूनच पाहता येते. २०१७ च्या ऑक्टोबरमधील वणव्यात त्याचा मोठा भाग होरपळला. कोस्ट लाइव्ह ओकची जाड साल आतल्या जिवंत भागाला आगीपासून वाचवते आणि काळ्या पडलेल्या खोडालाही पुन्हा धुमारे फुटतात, ही गोष्ट अशा वनात दाखवणारा कोणी सोबत असला की नीट समजते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सह्याद्रीतल्या दाट रानाची सवय असलेल्या डोळ्यांना हे वन प्रथम विरळ आणि एकसुरी वाटते. माझ्या पहिल्या भ्रमंतीत मार्गदर्शक बाईंनी (हे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात, त्यांना इथे डोसेंट म्हणतात) व्हॅली ओकखाली पडलेला, लिंबाएवढा, तपकिरी आणि पिसासारखा हलका गोळा माझ्या तळहातावर ठेवला. मी ते फळ समजलो होतो. एक चिमुकली गांधीलमाशी ओकच्या फांदीत अंडे घालते, झाड त्या अळीभोवती अशी गाठ तयार करते आणि वाढ पूर्ण झालेली माशी बारीक भोक पाडून बाहेर पडते, असे त्यांनी सांगितले आणि ते भोकही दाखवले. तेव्हा एकदम लक्षात आले की, आजी सहाणेवर बाळगुटीसाठी उगाळायची ते मायफळ म्हणजे पश्चिम आशियातल्या ओकवरची अशीच गाठ. आपल्या आईंनाही ती हातात घेऊन पाहू द्या.

त्याच फेरीत आम्ही एका झाडापाशी बराच वेळ थांबलो. एकॉर्न वुडपेकर नावाचे सुतारपक्षी कुटुंबाने राहतात आणि खोडात भोके पाडून प्रत्येकात ओकचे एकेक फळ ठोकून बसवतात. फळ वाळून सैल झाले की काढून लहान भोकात हलवतात. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या अशा कणगीत हजारो भोके असतात. एकटा असतो, तर ते खोड किडलेले समजून मी पुढे गेलो असतो.

वयाची काळजी करू नका, कारण चाल संथ असते. मात्र अंतर आणि चढ नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या. बुटांचा चिखल जाण्यापूर्वी आणि आल्यावर पुसावा, कारण ओक मारणाऱ्या फायटोफ्थोरा रोगाचे बीजाणू चिखलातूनही पसरतात.

पॉयझन ओकबद्दल मात्र आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. तो खरा ओक नव्हेच. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातले ते झुडूप आहे, आणि बिब्बा उततो तसाच त्याचा चीक अंगावर उततो. मार्चमध्ये त्याची कोवळी, लालसर, चकचकीत पाने तीन-तीनच्या जुडग्यांत वाटेच्या कडेलाच दिसतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी आल्याबरोबर हातपाय साबणाने धुऊन कपडे वेगळे धुवावेत.