आजीच्या गाण्यांची कॅसेट आणि न लागणारी डीव्हीडी

प्रश्न : आमची आजी हातमागावर बसून तेलुगू आणि मराठी गाणी म्हणत असे. ती 1988 च्या सुमारास वडिलांनी सहा कॅसेटवर ध्वनिमुद्रित केली. त्या आम्ही 2009 मध्ये डीव्हीडीवर उतरवून घेतल्या, पण ती डीव्हीडी आता लागत नाही. घरात लग्नाची एक व्हीएचएस कॅसेटही आहे. हे सारे पेन ड्राइव्हवर घेतले, तर कायमचे टिकेल का? मग मूळ कॅसेट टाकून द्याव्यात का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : कॅसेट मुळीच टाकू नका. घरी लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटलेली असते आणि उष्णतेने व उजेडाने तो थर खराब होतो. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ती दगावली, तर नवल नाही. पेन ड्राइव्हमधील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, तो भार हळूहळू ओसरतो आणि उष्णतेत अधिक लवकर ओसरतो, म्हणून एकट्या पेन ड्राइव्हवर विसंबू नये.

पहिला क्रम व्हीएचएसचा लावा, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवले असून चालू यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. दुकानदाराकडून केवळ लहान एमपी4 न घेता, दर्जा न घटवणाऱ्या एफएफव्ही1 पद्धतीची फाइलही मागून घ्या.

ध्वनीच्या कॅसेट लावण्यापूर्वी वरच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालू नका. आवाज दबलेला वाटला, तर जाणकाराकडून टेपच्या हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, कोन त्या फितीशी जुळवून घ्या. ती चूक नंतर संगणकावर नीट भरून निघत नाही. ध्वनी 96 किलोहर्ट्झ (सेकंदाला 96 हजार नमुने), 24 बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) अशा वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या, फाइलमध्ये उतरवा. तासाला सुमारे 2 जीबी जागा लागेल, पण आज तेवढी जागा महाग राहिलेली नाही. नातेवाइकांना पाठवायला त्यावरून एमपी3 करावी. मूळ फाइलवर आवाज स्वच्छ करणारे सॉफ्टवेअर मात्र चालवू नका, कारण आजीच्या गाण्यामागची मागाची खटखट त्याच्या लेखी गोंगाट ठरेल, आणि माझ्या मते गाण्याइतकीच तीही जपण्याजोगी आहे.

एकूण तीन प्रती ठेवा : दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर, आणि त्या दोनपैकी एक डिस्क परगावच्या नातेवाइकाकडे असू द्या. प्रत्येक फाइलचा एसएचए-256 हा ठसा, म्हणजे संगणकाने फाइलवरून काढलेली, फाइल जराही बदलली तर बदलणारी अक्षर-अंकांची ओळ, काढून जपा. दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत डिस्क जोडून ठसे पुन्हा काढा. जिथे ठसा जुळणार नाही, ती फाइल दुसऱ्या प्रतीवरून बदला, आणि साधारण पाच वर्षांनी डिस्कच नवी घ्या. सोबतच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कोणते गाणे, कोणाचा आवाज, कोणते वर्ष हे लिहा, आणि तेलुगू ओळींचा अर्थ घरातल्या थोरल्यांना विचारून तोही त्यातच नोंदवा.