जळगाव-धुळ्यात मुंबईच्या बेस्टसारखी शहर बस का रुजली नाही?

मी मूळचा जळगावचा, पण नोकरी मुंबईत झाली, त्यामुळे दोन्हीकडच्या बसला लोंबकळलोय. माझं मत विचाराल तर बस नुसत्या तिकिटावर कुठेच चालत नाही. तिच्यामागे तूट भरणारा कोणीतरी लागतो. मुंबईला तो मिळाला, आपल्या शहरांना नाही.

बेस्टची सुरुवात बसने झालीच नाही, घोड्यांनी झाली. 9 मे 1874 ला घोडे जुंपलेली ट्राम धावू लागली. 1905 मध्ये जी कंपनी आली तिच्याकडे वीज आणि ट्राम असे दोन्ही धंदे होते, आणि 7 मे 1907 ला ट्राम विजेवर गेली. बसला मात्र 15 जुलै 1926 उजाडावं लागलं. पहिली गाडी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. दुमजली बस 1937 ची. 7 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेने सगळा कारभार ताब्यात घेतला. ट्राम 31 मार्च 1964 ला कायमची थांबली, पण वीज आणि वाहतूक एकाच घरात राहिली. खरी गोम इथेच आहे. बसचा तोटा वर्षानुवर्षं विजेच्या पैशातून भरला गेला. कुलाब्यात पंखा लावणारा माणूस बोरिवलीच्या बसला नकळत हातभार लावत होता! पुढे यावर वीजग्राहकांनी हरकत घेतली, कज्जे झाले, आणि तो आधार ढिला पडल्यावर बेस्टची काय ओढाताण चालली आहे ते आपण पाहतोच.

आपल्याकडची गोष्ट उलटी. आपली बस शहरासाठी आलीच नाही, खेड्यांसाठी आली. आधी खासगी मोटारी होत्या, भरल्या की सुटणाऱ्या. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि मग हळूहळू तालुका, मग गाव. तेव्हा मुंबई राज्यात गुजरातचा भागही होता. 1960 ला राज्यं वेगळी झाली तशा गाड्याही वाटल्या गेल्या; गुजरातच्या सीमेवरच्या नवापूरच्या माणसाला आजही दोन्ही राज्यांच्या बस सारख्याच ओळखीच्या. नंदुरबार 1998 मध्ये वेगळा जिल्हा झाला, तरी तिथली आगारं एसटीच्या धुळे विभागातच राहिली.

एसटीलाही तोटा होतोच, पण तिचा हिशोब वेगळा. पुणे, मुंबई, सुरतेच्या भरलेल्या गाड्यांनी सातपुड्यातल्या मोलगी-धडगावच्या रिकाम्या फेऱ्या ओढायच्या, आणि सवलतींचे पैसे सरकारने भरायचे. वस्तीची गाडी म्हणजे तर निव्वळ घाटा, कारण चालक-वाहक रात्री गावातच झोपतात आणि सकाळी पासवाली पोरं घेऊन निघतात. पासवाला पूर्ण भाडं कुठे देतो! पण 'मोटर उनी का?' (गाडी आली का?) असं अहिराणीत विचारत फाट्यावर उभं राहणाऱ्या गावाला तीच शाळा, तोच बाजार, तोच दवाखाना. एसटीने हे केलं नसतं तर दुसऱ्या कोणी केलं असतं असं मला वाटत नाही.

स्टँडच्या फाटकाबाहेर मात्र जबाबदारी कोणाचीच नाही. 2011 च्या जनगणनेत जळगावची वस्ती साधारण 4.60 लाख, धुळ्याची 3.75 लाख. दोन्हीकडे महापालिका झाली ती 2003 मध्ये, आणि तोवर सीटवर चालणाऱ्या रिक्षांनी सगळे रस्ते वाटून घेतले होते. रिक्षावाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मोकळी जागा होती, ती त्यांनी भरली. परिणाम असा की महिलांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण चोपड्याहून त्या तिकिटावर आलेली बाई स्टँडवरून दवाखान्यापर्यंत एकटीने रिक्षा केली तर कधीकधी तेवढेच पैसे मोजते.

नाशिकचं उदाहरण जवळचं आहे. तिथेही शहर बस आधी एसटीच चालवायची. जुलै 2021 पासून महापालिकेने स्वतःची सेवा काढली: गाड्या ठेकेदाराच्या, त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे, तूट पालिकेची. नाशिकची तिजोरी आणि आपली यांतला फरक सांगायला नको. केंद्राने 2023 मध्ये शहरांसाठी 10,000 विजेवरच्या बसची योजना जाहीर केली, पण तिच्यातली मदतही दहा वर्षांपुरती आहे.

म्हणून आपल्याकडे शहर बसची बातमी आली की मी गाड्यांचा रंग बघत नाही, पालिकेच्या अंदाजपत्रकात तूट कोणत्या खात्यावर टाकली आहे ते शोधतो.