सोंगाड्याला पत्रकाराचे नियम लागतात का?

प्रश्न : मी मालवण तालुक्यातला. जत्रांच्या मोसमात दशावतारात संकासुर या विनोदी राक्षसाचं सोंग करतो. एरवी कोट-टाय घालून टेबलामागे बसतो आणि मोबाईलवर मालवणीतून विनोदी 'बातम्या' देतो. आमच्या वाडीतली नवी पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) पहिल्याच पावसात उखडली. त्यावर मी म्हटलं, "पाखाडयेचा सिमीट सरपंचान खाल्ल्यान, म्हणान तेचा पोट सुटला." पुढे म्हटलं, "ठेकेदाराकडसून दोन लाख घेतल्यान." हे दोन लाख मी टपरीवर ऐकले होते. आता सरपंचांच्या वकिलाची नोटीस आली आहे : पत्रकाराप्रमाणे शहानिशा केली नाही, आमची बाजू विचारली नाही, सात दिवसांत माफी मागा, नाहीतर १० लाखांचा दावा आणि फौजदारी तक्रार. मी पत्रकार नाही, मग हे नियम मला कसे?

उत्तर : तुमची दोन्ही वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एकाच दमात म्हटलेली असली तरी कायद्यापुढे ती अगदी वेगळी आहेत.

सरपंचांनी खरोखर सिमेंट खाल्लं असं कोणीही समजणार नाही. काम निकृष्ट झालं आणि त्याला सरपंच जबाबदार आहेत, हे तुमचं मत आहे. त्याला उखडलेल्या पाखाडीचा आधार आहे, आणि ती कोणीही जाऊन पाहू शकतो. लोकसेवकाच्या कारभाराबद्दल सद्भावनेने मत मांडणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधल्या, म्हणजे बदनामीच्या कलमातल्या, अपवादांत बसतं. संकासुर जत्रेत गावाच्या कारभारावर बोलतो तो हाच हक्क बजावतो, आणि तो टिकला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. २०१९ मध्ये एका उपहासात्मक बंगाली चित्रपटाचं प्रदर्शन बंद पाडलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला २० लाखांची भरपाई द्यायला लावली होती. या वाक्यासाठी माफी मागू नका.

दोन लाखांचं वाक्य मात्र विनोद नाही. त्यात रक्कम आहे, देणारा आहे, घेणारा आहे. ऐकणारा ते खरं धरून घरी जाईल. कलम ३५६ च्या स्पष्टीकरणात साफ म्हटलंय की उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. त्यात तुम्ही बातमीदाराचा वेश घेतला आहे. सामान्य प्रेक्षकाला काय वाटलं असेल हे न्यायाधीश पाहतील, तेव्हा तो कोट आणि ते टेबल तुमच्या विरोधात जाईल.

आता पत्रकारितेच्या नियमांबद्दल. प्रेस कौन्सिल १९७८ च्या कायद्याने चालते. वर्तमानपत्र, वृत्तसंस्था, संपादक आणि पत्रकार यांना ती समज देऊ शकते. तुम्ही त्या कक्षेत नाही. दुसरी बाजू विचारली नाही एवढ्यावरून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, आणि नोटिशीच्या उत्तरात तसं ठामपणे कळवा. पण पत्रकारालाही बदनामीच्या कायद्यात वेगळी सूट नाही. त्याचा आणि तुमचा हक्क राज्यघटनेच्या एकाच अनुच्छेद १९ मधून येतो. न्याय संहितेनुसार योग्य काळजी न घेता केलेली गोष्ट सद्भावनेची मानली जात नाही. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दलचं विधान चुकीचं निघालं तरी, खऱ्याखोट्याची पर्वा न करता ते केलेलं नसेल, तर नुकसानभरपाई मागता येत नाही. वाजवी पडताळणी केली होती हे दाखवलं की पुरे. टपरीवर ऐकलेलं ही पडताळणी नव्हे. सरपंचांना एक फोन केला असतात तर आज तोच तुमचा सर्वांत मोठा पुरावा झाला असता.

घाबरून जाऊ नका. बदनामीत पोलीस परस्पर गुन्हा नोंदवू शकत नाहीत. सरपंचांना स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागेल, आणि तिची दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकलं जाईल. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा.

नोटिशीला व्हिडिओतून उत्तर देऊ नका, हे कळकळीने सांगतो. मूळ फाइल जपून ठेवा. फिरत असलेल्या व्हिडिओतून दोन लाखांचं वाक्य काढा आणि 'याचा पुरावा माझ्याकडे नाही, हे विधान मी मागे घेतो' एवढंच जाहीर करा. पाखाडीचे तारखेसह फोटो काढा. माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून ग्रामपंचायतीकडे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि दिलेली बिलं मागा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. त्या कागदांतून लाच सिद्ध होणार नाही, पण सिमेंट किती दाखवलं आणि किती पडलं हे कळेल, आणि पहिल्या वाक्याला बळ येईल.

सात दिवसांची मुदत कायद्याने घातलेली नाही, तरी उत्तर त्याच्या आत वकिलामार्फत जाऊ द्या. वकिलाकडे जाताना नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही न्या. तारखेचा शिक्का त्यावर असतो.