डबा घेऊन दारात आलेली ती

ताई,

हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक म्हणून मला २१ वर्षं झाली. रसायनशास्त्राची पदवीधर आहे, पण शाळेत माझी ओळख 'लॅबवाल्या बाई' एवढीच. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात पाण्याच्या विद्युत अपघटनाचा (वीज सोडून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याचा) प्रयोग ठेवला होता. नव्या विज्ञान शिक्षिकेने (जेमतेम पंचविशीची आहे) मांडणी केली, तर बुडबुडेच येईनात. पाण्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब घालायला हवेत हे मी सांगितलं, इलेक्ट्रोड बदलून दिले, तीन संध्याकाळी थांबले. बक्षीस मिळालं. व्यासपीठावर नाव तिचं, टाळ्याही तिला. माझं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मुख्याध्यापक तर माझ्याशी थेट बोलतही नाहीत, शिपायाच्या हाती चिठ्ठी येते.

मलाही मतं आहेत. नववीच्या मुलांनी प्रयोग लांबून बघू नये, ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी) स्वतःच्या हाताने धरावी असं मला वाटतं. एकदा तरी प्रात्यक्षिकाचा अख्खा तास आपण घ्यावा अशी इच्छा आहे. पण विचारतं कोण? लॅबच्या भिंतीवर मी शास्त्रज्ञ मायकल फॅरडेंचं चित्र लावलंय. तेही सहायकच होते, असं मनाला समजावते.

त्या शिक्षिकेवर तसा राग नाही. रुजू झाली त्या आठवड्यात एकदा मधल्या सुट्टीत डबा घेऊन लॅबच्या दारात आली होती, पण मी काम आहे म्हटलं. मी लॅबमध्येच जेवते, तेच बरं पडतं. मात्र प्रदर्शनाचं मनातून जात नाही. लेखी तक्रार करावी की सरळ राजीनामा द्यावा?

— एक शिक्षकेतर कर्मचारी

*

बाई,

श्रेय दुसऱ्याला गेलं, त्याबद्दल माझं म्हणणं एवढंच: व्यासपीठावर तुमचं नाव यायला हवं होतं आणि ते घेतलं नाही ही त्या शिक्षिकेची चूक आहे. पण पत्राच्या शेवटी तुम्ही दीड ओळीत एक प्रसंग उरकलात आणि मी तिथेच अडकले. डबा घेऊन दारात आलेली ती. तिथून पुढे मला प्रदर्शनाचं काही वाचावंसंच वाटेना.

नोकरीचा पहिला आठवडा कसा असतो ते तुम्ही विसरलात का? स्टाफरूममधल्या खुर्च्यांवर नावं नसतात, पण प्रत्येक खुर्ची कुणाची तरी असते. खिडकीजवळची गणिताच्या सरांची, पंख्याखालची पर्यवेक्षकांची. नवीन माणूस भिंतीशी उभा राहून मोबाइलमध्ये काही बघत असल्यासारखं करतो आणि घंटेची वाट पाहतो. अशा दिवसांत त्या मुलीने सगळ्या इमारतीतून तुमचं दार निवडलं. ज्या खोलीत तिला रोज काम करायचं होतं, तिथलं माणूस आपलं व्हावं असं तिला वाटलं असणार. साहित्याची यादी द्यायला कुणी डबा घेऊन येत नाही.

आणि तुम्ही म्हणालात, काम आहे. काय काम होतं? पुढच्याच वाक्यात तुम्ही लिहिलंय की मी लॅबमध्येच जेवते. म्हणजे त्या वेळी तुमच्याही हातात डबाच होता.

'तेच बरं पडतं' हे तर मला अजिबात पटलेलं नाही. बाई, तुम्ही रसायनशास्त्र शिकलेल्या आहात. लॅबमध्ये खायचं-प्यायचं नाही, हे दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी तुम्हीच बजावत असणार. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर निदान डाग तरी पडतो. शिशाचे क्षार टेबलावर सांडून वाळले तर दिसतही नाहीत. जुना थर्मामीटर फुटून पारा फटीत गेला तर त्याची वाफ होत राहते आणि तिला वास नसतो. तुमच्या आम्लाच्या कपाटाच्या बिजागऱ्या एकदा नीट बघा. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा लोखंडाला सोडत नाहीत. त्याच हवेत तुम्ही २१ वर्षं जेवत आला आहात.

सॅकरिनची, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड रसायनाची, गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टँटिन फालबर्ग दिवसभर डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करत होते. घरी जेवायला बसले तर पाव गोड लागला. हात धुवायचे राहिले होते. ती प्रयोगशाळा प्राध्यापक आयरा रेमसन यांची. शोधनिबंध दोघांच्या नावाने निघाला, पण पुढे पेटंट घेताना फालबर्ग यांनी रेमसन यांचं नाव घातलं नाही आणि रेमसन यांचं मन त्यांच्याविषयी कायमचं कडवट झालं. हात न धुता जेवणं आणि दुसऱ्याचं नाव गाळणं, तुमच्या पत्रातल्या दोन्ही गोष्टी या एका हकिकतीत आहेत. तुम्ही मला दुसरीविषयी विचारता आहात. मी पहिलीपासून हलणार नाही, कारण दुसरी तिच्यातूनच निघाली आहे. कशी, ते सांगते.

मी बरीच वर्षं हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला. आमच्या शाळेतही एक प्रयोगशाळा सहायक होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. तेही लॅबमध्येच जेवायचे. त्यांना एकांत आवडतो, आमची बडबड सोसत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांना कुणी कधी विचारलं मात्र नव्हतं. एका पावसाळ्यात लॅबचं छत गळायला लागलं आणि भाऊ चार दिवस स्टाफरूममध्ये जेवायला आले. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता म्हणाले, नववी आणि दहावीची प्रात्यक्षिकं लागोपाठच्या तासांना असतात, मधे काचसामान धुवायला वेळच मिळत नाही, दहावीची मुलं ओल्या परीक्षानळ्यांनी प्रयोग करतात आणि उत्तरं चुकतात. वेळापत्रक करणारे सर समोरच जेवत होते. त्यांनी हात पुसले, पेन्सिल काढली आणि दोन तास तिथल्या तिथे बदलले. कित्येक वर्षं चालत आलेली अडचण पाच मिनिटांत सुटली. भाऊंनी त्याआधी अर्ज केला नव्हता, बैठकीत विषय काढला नव्हता. ते फक्त त्या टेबलाशी येऊन बसले होते.

पाचव्या दिवशी छत दुरुस्त झालं आणि भाऊ परत लॅबमध्ये गेले. आमच्यापैकी एकानेही 'इथेच बसा' म्हटलं नाही. मीही नाही. याची मला आजही लाज वाटते, आणि तुम्हाला इतक्या जोराने सांगते आहे त्याचं कारणही तेच आहे.

शाळा चालते ती मधल्या सुट्टीतल्या त्या टेबलावर. बैठकीत तर आधीच ठरलेलं वाचून दाखवतात. कोणाचा ऑफ तास कुणाला द्यायचा, सहलीला कोण जाणार, प्रदर्शनात कुठला प्रयोग ठेवायचा, कुठल्या मुलाच्या घरी काय चाललंय, कोणाचं मन शाळेतून उडालंय, हे सगळं डबे उघडल्यावर बोललं जातं. तिथे रोज बसणाऱ्याचं नाव लोकांच्या जिभेवर असतं. प्रदर्शनाच्या दिवशी ती मुलगी व्यासपीठावर घाबरून उभी असणार, आणि घाबरलेल्या माणसाला जिभेवर असतं तेच नाव आठवतं. तिची चूक मी पुसत नाही. पण त्या तीन संध्याकाळी तुम्ही तिला थेंब किती घालायचे ते सांगितलंत, इलेक्ट्रोड बदलून दिलेत. त्याखेरीज काही बोललात का? तुमच्या इतक्या लांब पत्रात तिचं साधं नाव नाही, ती कुठून आली, कुठे राहते, याचा उल्लेख नाही. मला वाटतं तुम्हाला ते माहीतच नाही.

आता ब्युरेटचं. मुलांनी ती स्वतः धरावी हे तुमचं मत अगदी बरोबर आहे. एका थेंबाने फिनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपलं की रंग बदलून दाखवणारं रसायन) गुलाबी होतं, तो थेंब आपल्या हातून पडलेला मुलगा जन्मभर विसरत नाही. लांबून पाहणाऱ्याला नुसता रंग दिसतो. हे मत तुम्ही मला कळवलंत, आणि मी तर कुठल्याच वर्गाला ते शिकवत नाही. ज्या शिक्षिकेच्या हातात नववीचा तास आहे तिला ते सांगितलंत का? तुम्हाला जो अख्खा तास घ्यायचाय तो आज तिचाच आहे. 'हा तास मी घेऊन बघू का' हे वाक्य मुख्याध्यापकांना लिहून कळवायचं नसतं. ते शेजारी बसून बोलायचं असतं.

फॅरडेंचं चित्र लावलंत, छान केलंत. पुस्तकबांधणीचं काम करणारा तो मुलगा १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींचा सहायक म्हणून लागला आणि पुढे काय झाला ते जगाला माहीत आहे. मला मात्र तुमचं पत्र वाचताना फॅरडेंच्या सहायकाची आठवण झाली. चार्ल्स अँडरसन, सैन्यातून निवृत्त झालेले सार्जंट. कित्येक वर्षं त्यांनी फॅरडेंच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि फॅरडेंनी आपल्या शोधनिबंधाच्या तळटीपेत नाव घेऊन त्यांचे आभार मानले. त्यांच्याविषयी एक आठवण सांगतात. भट्टीचा ताव सतत राखायचा होता, आणि संध्याकाळी अँडरसनना 'आता घरी जा' म्हणायला फॅरडे विसरले. सकाळी येऊन बघतात तर अँडरसन अजून भट्टीत कोळसा घालताहेत. रात्रभर. कुणी जा म्हटलं नव्हतं ना! ही गोष्ट लोक त्यांच्या निष्ठेची म्हणून सांगतात. मला ती ऐकून वाईट वाटतं. तुम्हीही अशाच बसून राहिलात, कुणी 'या' म्हणेल म्हणून. आणि एकजण दारापर्यंत येऊन म्हणाली, तर तुम्हाला ते ऐकू आलं नाही.

सहीबद्दलही बोलते. पत्राखाली तुम्ही ना पदवी लिहिलीत ना हुद्दा. 'शिक्षकेतर' लिहिलंत. कार्यालयाला पगारपत्रकासाठी तो शब्द लागतो, लागू दे. पण तुम्ही काय नाही आहात एवढंच तो सांगतो. मनातलं लिहिलेल्या पत्राखाली तो कशाला? मुख्याध्यापक चिठ्ठी पाठवतात याचा तुम्हाला राग येतो आणि तो यायलाच हवा. पण लॅबचं दार तुम्ही आतून लावून घेतलं आहे, आणि बंद दाराखालून चिठ्ठीच सरकवता येते.

राजीनामा द्यायचा नाही. तक्रारही नाही. ती फाइलला लागेल, त्या मुलीच्या पहिल्याच वर्षावर डाग पडेल, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही परत एकट्याच जेवत असाल.

येत्या सोमवारी मधल्या सुट्टीची घंटा झाली की लॅबला कुलूप लावा. हात साबणाने धुवा. डबा घ्या आणि स्टाफरूममध्ये जा. जिना चढताना परत फिरावंसं वाटेल, फिरू नका. कुणीतरी हमखास विचारेल, 'आज इकडे कशा?' तेव्हा म्हणा, 'लॅबमध्ये जेवणं बरं नसतं.' उत्तर खरं आहे आणि तेवढं पुरे. प्रदर्शनाचा विषय पहिल्या दिवशी काढू नका, ब्युरेटचाही नको. मंगळवारी परत जा, बुधवारीही जा. भाऊंसारखे चार दिवस नाही, सत्र संपेपर्यंत जा.

आणि सोमवारी कुठे बसू म्हणून दारात घुटमळत राहू नका. ती जिथे बसली असेल तिथे खुर्ची ओढून घ्या. डबा उघडायच्या आधी तिला सांगा, त्या दिवशी मला काहीही काम नव्हतं.